चोचीपुरती फट

रायपूर
१४ जानेवारी २००१

तीर्थस्वरूप शामराव भाऊस,
कमलाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सारे खुशाल, असं लिहायची रीत आहे, पण आज हात धजत नाही. आपली तांबी शेळी परवा गेली.

मी गोल बाजारात गेली होती. कोंबड्यांच्या कनकीच्या डब्याचं झाकण ढिलं राहिलं. तांबीनं ते पाडलं आणि ते तांदळाचे तुकडे डबाभर खाऊन घेतले. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, दात खाऊन राहिली होती. सकाळी उठलीच नाही. तुमचे जावई रेल्वेतून रिटायर झाल्यापासून शेळ्या हेच चारतात. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आता म्हणतात, मले पुन्हा असं मरण पाहणं होत नाही, उरलेल्या तिन्ही विकून टाकू. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, साहेबलोकांचे बंगले उठून राहिले, इथं शेळ्या कोणाले पाहिजे, असंही म्हणतात. होळीआधी गिऱ्हाईक येणार आहे. होळीआधीचं गिऱ्हाईक शेळी कशाले नेते, ते तुमाले सांगायले नको.

चांदणी गाभण आहे, भाऊ. मायनं माझ्या लग्नात दिलेल्या शेळीचंच हे सारं बियाणं. तुमी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. काही तरी सांगा.

वहिनीले जयभीम. माया आहे ती राखा, पण उत्तर आधी धाडा.
तुमची धाकटी,
कमला

भंडारा
२२ जानेवारी २००१

चि. सौ. कमलास,
शामरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तुझी वहिनी रडली. मी रडलो नाही असं लिहिलं तर ती मागून वाचून राहिली आहे, म्हणून लिहीत नाही.

तांबीचा दोष नाही आणि तुझाही नाही. शेळीचं पोट पाल्यासाठी असते. कोंबडीचा दाणा एकदम पडला की तो आत आंबते आणि जनावर दिवसा-दोन दिवसांत जाते. पुन्हा असं झालं तर दाणा तोंडचा काढ, कोमट पाण्यात खायचा सोडा घोट-घोट पाज, मान फार उंच करू नको, ठसका लागेल. फक्त वाळलं गवत दे आणि लगेच डॉक्टरले बोलाव.

पण होऊच देऊ नये ते खरं. दाणा कडीच्या ड्रममध्ये ठेव. कोंबड्यांले खायले वेगळी जाळीची खोली कर आणि खाली कोंबडीपुरतं भोक ठेव. शेळी आत जाणार नाही. जावयाले, हिरालालजींले, सांग, पट्टीबंधकाची गॅरंटी आहे.

लहानपणी तू माझी दौत सांडायची तशी आता घाई करू नकोस. आशीर्वाद आहेतच.
तुझा भाऊ,
शामराव

रायपूर
१८ फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप भाऊस,
कमलाचा जयभीम. वि. वि.

तुमची गॅरंटी दोन आठवडे चालली! चांदणी भोकापाशी गुडघे टेकून हरली. पण आपली बिजली पाठ, तीन महिन्यांचं मादी पिल्लू, पोटावर सरपटत आत गेली. मी पाहिलं तेव्हा कनकी खाऊन राहिली होती. तुमी सांगितलं तसंच केलं. सोडा पाजला, मीराबाईच्या पोराले सायकलनं डॉक्टरकडे धाडलं. तिसऱ्या दिवशी बिजली गवत मागायले लागली. डॉक्टर म्हणाले, सोडा वेळेवर पडला म्हणून वाचली. मीराबाई ही आमची शेजारीण. ती म्हणाली, दीदी, तैं तो डाक्टरिन होगेस! म्हणजे तू तर डॉक्टरीणच झाली.

पण हे मात्र गिऱ्हाईकाले चार मार्चचा दिवस देऊन आले.

मग मी बसून विचार केला. कोंबडीले आत जायचंच काहून? तिची मान तेवढी आत जाऊ द्यावी. सुतळीनं कोंबडीचं डोकं मोजलं, मग बिजलीचं कपाळ मोजलं. जुन्या लाकडी पेटीची एक बाजू काढून तिथं पट्ट्या उभ्या ठोकल्या, मधात अडीच बोटं फट. दाण्याची कुंडी पट्ट्यांपासून सहा बोटं आत. कोंबडीची मान पोचते, शेळीचं नाक घुसते पण कपाळ अडकते, जीभ पोचत नाही. वरती टिनाचं उतरतं छप्पर, म्हणजे चढली तर घसरते.

खरी परीक्षा चार तारखेले. माझ्यासाठी चांगलं चिंता.
तुमची,
कमला

रायपूर
२५ मार्च २००१

तीर्थस्वरूप भाऊस,
विजयी कमलाचा जयभीम! वि. वि.

चार मार्चले गिऱ्हाईक दोर घेऊन दारात उभं. मी ह्यांले म्हटलं, आधी पाहा, मग सोडा. ह्यांच्यासमोर मूठभर ताजी कनकी कुंडीत टाकली आणि तिन्ही शेळ्या मोकळ्या केल्या. चांदणीनं शिंगं लावली, बिजली छपरावर चढून धपकन घसरली, तिसरी तर फटीत नाक घालून शिंकली. कोंबड्या टकाटक खाऊन राहिल्या. एक दाणा गेला नाही. हे हसले, भाऊ! तांबी गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्या माणसाले म्हणाले, भैया, माफ करना, ये घर के लोग हैं, बिकेंगे नहीं.

नऊ तारखेले चांदणी व्याली. दोन पाठी, एक बोकड. ह्यांनीच पुसून काढले.

डॉक्टर पिल्लं पाहायले आले आणि पेटीपाशीच बसून राहिले. कागदावर मापं घेतली. काल पलीकडच्या गावात त्यांचं शेळीपालनाचं शिबिर होतं, तिथं मलेच उभं केलं. साठ-सत्तर बाया. माईक हाती दिला. मराठीत सुरू झाली, मधात हिंदी आली, शेवटी जमेल तशी छत्तीसगढ़ी बोलली. एका म्हातारीनं विचारलं की अडीच बोटं म्हणजे कोणाची बोटं? सारे हसले. मी म्हटलं, तुमच्या कोंबडीचं डोकं मोजा, बोटं कोणाची का असेना. मग बाया हव, हव, बरोबर आहे, म्हणत सुतळी मागायले लागल्या. मी तुकडे तोडून देऊन राहिली होती आणि तुमचे जावई मागं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होते, ती बोलून राहिली ना, ती माझी घरवाली आहे.

वहिनीले घेऊन या. पिल्लांची नावं अजून ठेवली नाहीत, तुमच्यासाठी थांबलो आहोत. माया वाढती राहू द्या.
तुमची,
कमला