भजनाच्या वहीतली भूमिती

आबा,

म्हशीला वैरण टाकलीय, भाकरी फडक्यात बांधून ठेवल्यात. मी म्हसवडला चाललोय. रागवायच्या आधी पुरतं वाचा.

माझी गाण्याची वही तुमी चुलीत घातली, तवापास्नं मी गाणी तुमच्या भजनाच्या वहीत मागं लिवतोय. ती काय तुमी जाळणार न्हाई.

काल देवळात तुमी रंगात येऊन पानं उलटत गेला आन् ‘भूमितीनं छळलं देवा, शालूनंबी टाकलं’ हे उचललं. मंडळीनं डोळं मिटून तीनदा म्हटलं. मृदंगवालं नाथाजीमामा तर रडाय लागलं. म्हणालं, “कुठल्या संताचं वं?”

तुमी म्हणाला, “लय जुनं हाय.”

आवं आबा, गेल्या सोमवारचं हाय! भूमितीत सात मार्क पडलं, त्या दिवसाचं.

तुमी घरला गेल्यावर शालूच पुढं आली. “मामा, त्यातली शालू मी. आन् लिवणारा ह्यो, आमच्या वर्गातला.” मामांनी मला पाठीत धपाटा घातला आन् मिठीबी मारली. आज म्हसवडच्या सिद्धनाथाम्होरं मला गायला न्हेतायत.

दुपारच्या यष्टीनं टाळ घिऊन या. म्होरं मी म्हणणार हाय, तुमी मागं म्हणा.

सोपान