डॉक्टर रेसला जातात

अण्णा,

तुमच्या पणतवाने गाडी घेतली आहे. बुटकी, रुंद, जमिनीला पोट घासत चालणारी, आणि आवाज असा की सोसायटीतली कुत्री आधी पळतात आणि मग भुंकतात. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असतात म्हणून तो ती घेऊन बाहेर पडतो. त्याची आई मला म्हणाली, "तो तुमचं ऐकतो, तुम्हीच बोला." मी बोलले. म्हटलं, अरे, एवढी हौस आहे तर शर्यतीच्या ट्रॅकवर ने ना गाडी. तर म्हणतो, "नेतो ना आजी, कधीतरी. पण तिथे सगळं आखून दिलेलं. सह्या करा, रांग लावा. खरी मजा रस्त्यावर यार." आजीला यार म्हणतो आणि मी हसते, मग बोलणं तिथेच संपतं. म्हणून त्याला पत्र लिहायला बसले. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं, आणि नव्या कागदावर हाताने आपणहून 'अण्णा' लिहिलं.

तुमची ती हिरवी दोन माणसांची गाडी मला अजून दिसते. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून तुम्ही ती घेतली होती. अंधेरीत तेव्हा मोटारी मोजक्या, आणि डॉक्टरांची मोटार म्हणजे काळी, उंच, चार दारांची असायची. तुमची पाहून आईने कपाळाला हात लावला होता. "अहो, यात बसायचं कोणी? मी, की पोरगी, की तुमची बहीण?" तुम्ही म्हणालात, "आळीपाळीने." व्हिजिटला निघालात की रस्त्यावर तुम्ही गाडी अशी चालवायचा की टांगेवाला मागून ओरडायचा, "डाक्टरसाब, घोडा जोत दूँ क्या?" तुम्हांला त्याचं काही वाटत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी मात्र तुम्ही वजन कमी करायला गाडीचा टप उतरवायचा, पुढची काच काढायचा, स्टेपनी सोडवायचा, आणि सगळं पडवीत आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी आणून ठेवायचा. मग आम्हांला कळायचं, उद्या जुहूच्या धावपट्टीवर शर्यत आहे. आई मला कधी येऊ द्यायची नाही. पोरींचं काय काम तिथे, असं तिचं म्हणणं. तुम्ही संध्याकाळी परतायचा ते भुवयांपर्यंत धुळीने माखून, आणि जेवताना ताटात बोटाने रेघ ओढून आत्याला दाखवायचा, इथे गवताच्या पेंढ्या लावलेल्या, इथे वळायचं, इथे माझी गाडी आतून गेली. आमटी त्या रेघेतून वाहायची आणि आत्या खोटं खोटं रागवायची.

मी एकदा विचारलं होतं, मग रस्त्यावर का नाही पळवत? तुम्ही म्हणालात, "बाळ, धावपट्टीवर सगळे एकाच दिशेने जातात आणि कशाला आलोय ते सगळ्यांना ठाऊक असतं. रस्त्यावर म्हातारी असते, म्हैस असते, शाळेची पोरं असतात. त्यांनी कुठे शर्यतीत नाव दिलंय?" हे वाक्य मी पणतवाला लिहिणार होते.

आत्याला पाहायला बोरिवलीची मंडळी आली तो दिवस आठवला की मला आजही हसू येतं आणि मग वाईट वाटतं. आजोबा नव्हते, तेव्हा बहिणीचं लग्न तुमच्याच गळ्यात. मुलाचे काका खुर्चीत बसलेले, हातात पोह्यांची बशी. त्यांनी सहज विचारलं, "डॉक्टरसाहेब, रविवारी दवाखाना बंद. मग काय करता?" आणि तुम्ही, भाबडे, खुशीत म्हणालात, "रेसला जातो. परवाच दुसरा नंबर लागला!" काकांचा चमचा हवेतच राहिला. मुंबईत तेव्हा रेस म्हणजे घोड्यांची, आणि नंबर लागला म्हणजे कुणाचं घर बसलं किंवा कुणाचं तात्पुरतं उठलं. आई दारातून डोळे वटारत होती. तुम्हांला वाटलं ती पोहे आणखी हवेत का विचारतेय. तुम्ही पुढे सांगत सुटलात की पहिला नंबर थोडक्यात हुकला, पण पुढच्या वेळी नक्की. मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली. आठवड्याच्या आत अर्ध्या अंधेरीत बोभाटा झाला की डॉक्टर रेस खेळतात. दवाखान्याच्या बाकावरची गर्दीही थोडी ओसरली.

तुम्ही समजूत घालायला बोरिवलीला गेलात तेव्हा मला बरोबर नेलंत. लहान मूल बरोबर असलं की लोक कमी बोलतात, असा तुमचा हिशेब असावा. तो चुकला. तुम्ही हात जोडून सांगितलंत, "काका, घोड्यांची नव्हे हो, मोटारींची. मी स्वतः चालवतो. एक पैसा लावत नाही." काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्याहून वाईट. घोड्याच्या रेसमध्ये पैसा जातो, डॉक्टर. यात तुम्ही जाल. मग माहेरपणाला आमच्या सुनेने कोणाच्या दारात जायचं?" मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तुम्ही ताटातली रेघ काढून दाखवाल, पेंढ्या सांगाल, सगळे एकाच दिशेने जातात ते सांगाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "बंद केलं. आजपासून." जणू पेशंटची विडी सोडवत होता. लग्न झालं. आत्याचे यजमान सरळ माणूस निघाले, पण आत्या म्हातारपणी मला म्हणाली होती, "दादाने माझ्यासाठी काय सोडलं ते मला तेव्हा कळलंच नाही गं. मला वाटलं, एक खेळ सोडला."

त्यानंतर काच पडवीत उतरली नाही. तुम्ही जेवताना बोलेनासे झालात. आई म्हणायची, चला, सुटलं एकदाचं, आणि तुमच्याकडे बघून तिचं तोंड उतरायचं. मग त्या थंडीतल्या एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, "चल, फिरवून आणतो." आपण वेसाव्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना खाजणाची दलदल, रस्ता सरळ, समोर कुणी नाही. गिअर बदललात आणि गाडी एकदम पुढे झेपावली. माझी रिबन उडाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यातून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसत होता. दात दिसत होते तुमचे. मी तुम्हांला तसं कधीच पाहिलं नव्हतं.

पुढे कोळणी बाजाराला निघाल्या होत्या, डोक्यावर पाट्या, एकामागे एक. तुम्ही भोंगा दिलात. सगळ्या डावीकडे सरल्या आणि शेवटची गोंधळून उजवीकडे आली. ब्रेकचा तो आवाज! गाडी आडवी फिरली आणि चिखलात जाऊन रुतली. बाई पडली होती, तिची पाटी रस्त्यावर पालथी. मग ती उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोलं फुटलं का रं तुझं? रस्ता काय तुझ्या बापाचा?" तुम्ही उतरून तिच्यापर्यंत गेलात, तिचा कोपर दाबून पाहिलात, मनगट फिरवून पाहिलंत, आणि मग तिने तुमचं तोंड पाहिलं. "अगो बाय, दाक्तर! तुमी?" तिच्या आवाजातला राग गेला, आणि ते जास्त वाईट होतं. तिच्या नातवाचा ताप तुम्ही उतरवला होता म्हणे. ती बाकीच्यांना सांगत राहिली, आपले दाक्तर हायत, काय नाय झाला. तुम्ही खाली बसून चिखलातले बोंबील उचलून पाटीत ठेवत होता. मासे तुमच्या हातातून पुन्हा पुन्हा निसटत होते. शेवटी तिनेच तुमचा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. पोरीला घेऊन घरला जावा."

वसंत सरायच्या आत गाडी विकली गेली. का गेली, ते तुम्ही आईला सांगितलं नाहीत आणि मीही नाही. तुम्ही सायकलवर व्हिजिटला जाऊ लागलात. वळणावर कुणी नसलं तरी उतरून सायकल हातात धरून वळायचा. लोकांना त्याचं कौतुक. बाक पुन्हा भरला, जावई घरीच राहणारे लाभले, नातवंडं झाली, तुमचं सगळं नीट झालं. तुम्ही गेलात तेही झोपेत, कुणाला त्रास न देता. मी त्या दिवशी फार रडले, आणि भेटायला आलेल्यांना वाटलं की वडिलांवर जीव होता म्हणून.

पणतवाला हे सगळं लिहावं असं सकाळपासून घोळतंय. कोळीण, चिखल, तुमचे हात, हे वाचलं तर तो कदाचित ट्रॅकवर जाईलही. पण तो हुशार आहे, अण्णा. तो एवढंच विचारेल, "आजी, ती बाई दिसायच्या आधी तुला कसं वाटत होतं?" माझ्याकडे खोटं उत्तर आहे, पण माझा चेहरा त्याला वाचता येतो. तेव्हा हे त्याच्या हाती पडणार नाही. तुम्हांला सांगायला हरकत नाही. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, हे मला कळतं. पुढे जे वडील मला मिळाले, जपून बोलणारे, जपून चालणारे, त्यांची मी सेवा केली, त्यांच्यावर माया केली. पण माझे अण्णा म्हणून मला हवे होते ते त्या सकाळचे, आणि उरलेली सगळी वर्षं तुमच्याच घरात राहून मला त्यांची आठवण येत राहिली.