बंबाचा मालट्रक

१५ जानेवारी १९६२, सोमवार
धाराशिवला हर्रासात बंब घेतला. आगीचा, लाल, निजामाच्या अमदानीतला. बोली लावणारा मी एकटाच. याचे दोन अर्थ निघतात. एक, माल भंगार आहे. दोन, मी येतोय हे कळल्यावर बाकीच्यांनी माघार घेतली. दुसरा अर्थ पटतो. हर्रास पुकारणारा कारकून शेवटी हसला. का हसला ते कळलं नाही, पण चेहरा लक्षात ठेवलाय.

आज कर. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कुणी सुईसुद्धा विकत घेत नाही, असं वनमाला काल म्हणाली. बायको असून असं का बोलावं?

बेत असा. बंबावरची पाण्याची टाकी काढायची, जागी लाकडी हौदा बसवायचा, रंग बदलायचा. झाला मालट्रक. येडशीच्या माळावर माझी दगडाची खाण आहे. कचेरीतून रिटायर झाल्यापासून तेवढंच उत्पन्न. आज दगड बिराप्पाच्या बैलगाडीतून जातो आणि वाटेत तो थोडा उतरवतो असा माझा संशय आहे. त्याच्या घरापुढं नवा ओटा झालाय. काळ्या दगडाचा. माझाही दगड काळाच. (इकडं सगळाच दगड काळा, पण ते सोडा.) यापुढं माल माझ्या ट्रकातून जाईल आणि ट्रक मी स्वतः चालवीन. चालवायला अजून येत नाही. आठवडा पुरेल.

१६ जानेवारी
बंब सुरू झाला नाही. थंडी. शेवटी बिराप्पाचे बैल जुंपून येडशीपर्यंत ओढत आणला. स्टिअरिंगवर मी. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते.

बिराप्पा वाटभर गप्प. गप्प माणसावर लक्ष ठेवावं लागतं. येडशी दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाला, "पंत, ट्रक सुरू झाल्यावर माझ्या बैलांना काय काम ऱ्हानार?" मी म्हटलं, बघू. म्हणजे बेत त्याला आधीच ठाऊक होता. कुणी सांगितला? घरात मी आणि वनमाला, दोघंच असतो. मी सांगितलेला नाही.

२१ जानेवारी, रविवार
मेव्हणा आला. वनमालाचा धाकटा भाऊ, अण्णा. एस्टीत ड्रायव्हर, सोलापूर-उमरगा मार्गावर. बॉनेट उघडून डोकं आत घालून बराच वेळ उभा. मग म्हणाला, इंजिन चांगलं आहे भावजी, सुट्टीच्या दिवशी येऊन मी करून देतो, पैसे-बियसे काही नको.

फुकट? आजच्या काळात फुकट कोण करतं? गाडीवर डोळा आहे. जाताना वनमालानं त्याला गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. डबा भरून. मी नम्रपणे नाही म्हटलं. पोळ्यांना नव्हे, दुरुस्तीला.

२८ जानेवारी
माणूस सापडला. धुळाप्पा मिस्त्री, उमरग्याचा. हैदराबाद रोडवर त्याचं दुकान आहे. बंबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, असली गाडी वळखायला नजर लागती." इतक्या दिवसांत समजूतदार असं हे पहिलंच बोलणं.

टाकी काढायची म्हटलं. म्हणाला, बरोबर. हौदा सागवानी हवा म्हटलं. बरोबर. पुढची चाकं मागच्यापेक्षा जरा मोठी दिसतात म्हटलं. तेही बरोबर. वनमालाला सांगितलं, याला म्हणतात जाणकार. ती म्हणाली, तो तुमचंच बोलणं तुम्हाला परत देतोय. घरातल्या माणसाला कौतुक नसतं.

५ फेब्रुवारी
अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत आलेत, जग बुडणार म्हणून गावात होमहवन. रामलिंगाच्या देवळात जागा नाही. धुळाप्पानं निरोप पाठवला की ग्रह सुटल्यावर येतो. शास्त्र पाळणारा माणूस.

अण्णा मात्र आला. म्हणे, जगाचं काही बरंवाईट व्हायच्या आत ताईला भेटून जावं. अंगणातून जाता-येता गाडीकडं बघत होता. जग बुडत असताना गाडीकडं कोण बघतं? तो गेल्यावर चारी चाकांभोवती खडूनं खुणा करून ठेवल्या.

७ फेब्रुवारी
जग शाबूत. खुणाही शाबूत, एक सोडून. मागच्या डाव्या चाकाची पुसलेली. वनमाला म्हणते शेळी बसली होती. शेळी कुणाची, ते ती सांगत नाही.

१८ फेब्रुवारी
काम सुरू. धुळाप्पानं पंप काढला, पितळी तोंडं काढली, पाइप गुंडाळले. मालट्रकाला पंप कशाला, नुसतं वजन. उमरग्याला विकून त्यातूनच हौदा करून आणतो म्हणाला. मी चिठ्ठी मागितली तर हसून म्हणाला, "साहेब, आपल्यात चिठ्ठी?" मलाच ओशाळल्यासारखं झालं.

टाकी पुढच्या खेपेला.

वनमालानं विचारलं, पंप गेला आणि हौदा आलाच नाही तर? हिचा स्वभाव फार संशयी होत चालला आहे. माणसाला माणसावर विश्वास टाकता आला पाहिजे.

२५ फेब्रुवारी
ड्रायव्हिंगची प्रगती उत्तम. रोज सकाळी जाऊन बसतो. क्लच, गिअर, हॉर्न. हॉर्न तोंडानं. आज चौथ्या गिअरपर्यंत गेलो. गाडी जागेवरच होती, पण हात बसला. ब्रेक तर फारच चांगला लागतो.

धुळाप्पा आला नाही. लग्नसराई.

४ मार्च
टाकी स्वतःच काढायला घेतली. बोल्ट गंजून एकजीव झालेत. रॉकेल ओतलं, छिन्नी लावली, घण घातला. मडगार्ड निघालं. ते काढायचं नव्हतं, पण निघालं हे खरं. टाकी हलली नाही.

दुपारी बघतो तर वनमालानं टाकीवर कापड पसरून कुरडया वाळत घातलेल्या. ऊन छान लागतं म्हणाली. टाकी निघू नये अशी हिची इच्छा आहे काय?

१३ मार्च
भर दुपारी बिराप्पाच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सगळी आळी माझ्या दारात. बंब काढा, पंत. मी समजावून सांगितलं की हा आता बंब नाही, मालट्रक आहे. कुणीतरी म्हणालं, लाल तर आहे. पंप उमरग्याला, इंजिन बंद, टाकी कोरडी. काय काढणार?

बिराप्पाही आला होता. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विहिरीकडं पळाला. वनमाला आमच्या दोन्ही घागरी घेऊन त्याच्यामागं. मी दार सांभाळत थांबलो. गर्दीत कोण काय उचलील सांगता येत नाही.

वर्षाचा कडबा गेला.

नंतर विचार केला. दुपारीच कशी लागली? आणि नेमका पंप काढल्यावर? मला खाली बघायला लावायचा डाव म्हणावा, तर कडबा त्याचाच होता. हे नीट जुळत नाही. जेवण गेलं नाही.

२९ मार्च
बिराप्पानं बैल विकले. चारा नाही, तर पोसणार काय. सांगायला आला होता, की पंत, आता दगडाचं तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं ट्रक होतोच आहे तयार. तो मान हलवून गेला. ओट्याचा विषय काढायचा होता, राहिला.

खाणीत दगड पडून आहे. रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार दुसरीकडून घेणार म्हणतो. धुळाप्पाला कार्डं टाकली, उत्तर नाही. हौदा मनासारखा होईपर्यंत लिहायचं नाही, असा त्याचा निश्चय दिसतो. कारागीर असेच असतात.

५ एप्रिल, पाडवा
मुहूर्तावर रंग लावला. हिरवा. अर्ध्यात संपला. आता गाडी पुढून हिरवी आणि मागून लाल. दारावरचं 'बलदिया', म्हणजे नगरपालिका, हे उर्दू अक्षर हिरव्यातूनही वाचता येतं. मला येतं, कारण जन्म उर्दू कचेरीत गेला. बाकीच्यांना येत नसावं. तरी लोक थांबून का वाचतात?

२२ एप्रिल, रविवार
लिहावं की नाही असं वाटत होतं. लिहितो.

दिवेलागणीला मागच्या अंगणात आवाज झाला. जाऊन बघतो तर अण्णा. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड ओढत गाडीकडं चाललेला. गोणपाट ओढून काढलं. माझा पंप. माझाच. इतक्या महिन्यांचा संशय डोळ्यांसमोर खरा ठरला. मी त्याला चोर म्हटलं. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

अण्णा उभाच राहिला. हाताला खरचटलेलं होतं. बोलली ती वनमाला. ती ओरडली नाही, तेच वाईट.

"ज्यानं पंप नेला त्याच्यावर तुमचा विश्वास, आणि ज्यानं आणला त्याच्यावर संशय. अहो, एकदा तरी उलटं करून बघा."

मग कळलं ते असं. उमरग्याच्या अलीकडं एका बागायतदाराच्या विहिरीवर अण्णानं बसमधून हा पंप बघितला. धुळाप्पानं विकलेला, पैसे स्वतःच ठेवून. अण्णानं सुट्टी काढली, गावातली चार माणसं मधे घातली, दिवसभर भांडला आणि पंप सोडवून बसच्या टपावर टाकून आणला. पितळी तोंडं गेली ती गेलीच.

मी विचारलं, हे सगळं मला न विचारता का केलं? अण्णा पाणीसुद्धा न पिता निघाला. वनमाला त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेली.

गाडीत जाऊन बसलो. धुळाप्पाचीही काही बाजू असेलच. ती अजून सुचलेली नाही.

२९ एप्रिल
अण्णा आला. तो येईल असं मी धरलं नव्हतं. रजा काढून आलाय. मला एवढंच म्हणाला, "भावजी, पाना धरा." मी धरला. दोघांपैकी कुणीच त्या दिवसाचा विषय काढला नाही. माझ्या जिभेवर होता.

दुपारी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग काळा धूर सोडला, मग लागलं. रंगामुळं गाडीला उभारी आली असणार.

गावातल्या विहिरी आटल्यात. माझ्या खाणीजवळच्या विहिरीला पाणी आहे. रामलिंगाच्या डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर तर बायका अर्धा दिवस पाणी आणण्यात घालवतात. वनमाला, अण्णा आणि बिराप्पा मागच्या दारी काही बोलत होते. मी दाराआड उभा राहिलो. दार वाजलं. मग वनमालानंच मला बोलावून घेतलं.

तिचं म्हणणं असं. टाकी राहू द्यायची. पंपानं माझ्या विहिरीतून भरायची. अण्णा रजेत चालवील, बिराप्पा नळ सांभाळील, पंचायत त्याला दिवसाची मजुरी देईल. बैल नसल्यापासून तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातोय, हे मला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, आणि दगड?

"दगड कुठं पळून जात नाही."

म्हणजे बेत जानेवारीपासूनच शिजत होता. टाकीवर कुरडया उगाच नव्हत्या. विहिरी आटवणं मात्र यांच्या हातात नव्हतं, एवढं मान्य करावं लागतं.

हो म्हटलं. तात्पुरतं.

७ मे, अक्षय्यतृतीया
आज पाण्यानं भरलेल्या घागरीचं दान देतात. वनमालानं मुद्दाम आजचा दिवस धरला. पुढं अण्णा आणि बिराप्पा, मधे वनमाला. मला जागा मागं, टाकीच्या फळीवर. मालक मागं बसलेली गाडी मी तरी बघितलेली नाही. पण बिराप्पा नळ सोडताना पाणी कुठं सांडवतो, कुणाला जास्त देतो, हे मागूनच नीट दिसेल म्हणून बसलो.

वस्तीवर सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. हरणाबाई नावाच्या एका म्हातारीनं बिराप्पाला विचारलं, मागं बसलेत ते कोन?

"आमचे मालक हायत," बिराप्पा म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा असावा असं वाटलं. नव्हता. ज्याचा कडबा माझ्या दारात पंप नसल्यामुळं जळाला, तो असं सरळ कसं म्हणू शकतो, हे मला कळेना. मी बराच वेळ त्यात काही सापडतंय का बघत होतो.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "मालक असतील तर बसू द्या. पर हात मोकळे असले तर घागर धरा म्हनावं."

उतरलो. घागरी धरल्या. धोतर कमरेपर्यंत भिजलं. पाणी सांडलं ते माझ्याच हातून.

टाकी रिकामी झाल्यावर अण्णानं खाली उतरून दार उघडून धरलं. सपाट माळ आहे भावजी, गाडी रिकामी आहे, घ्या. मी बसलो. सगळी वस्ती बघत होती. क्लच, गिअर, सगळं पाठ. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. परत केलं, परत बंद. मग काही केल्या सुरूच होईना. शेवटी अण्णा स्टिअरिंगवर बसला आणि वनमालासकट सगळ्यांनी मागून ढकलायला घेतलं. बायकांनी घागरी खाली ठेवल्या. मीही गेलो.

माझा ट्रक मी पहिल्यांदा चालवला तो असा, मागून.

शेजारी बिराप्पा होता. हा पूर्ण जोर लावतो की नुसता हात टेकवतो, यावर मी लक्ष ठेवून होतो. तो पूर्ण लावत होता. म्हातारीसुद्धा लावत होती. कमी पडत होता तो माझा.