पिवळ्या बंगल्याचा खुनी कोण?

३ नोव्हेंबर १९६४, अमरावती

खुनी कोण ते आठवत नाही!

सकाळी ‘पिवळा बंगला’चं पुढचं प्रकरण लिहायला बसलो. कादंबरी संपत आलीय. शेठचा मुडदा पडलाय, संशय वकिलावर, मेहुण्यावर आणि डॉक्टरवर. यांतला एक खुनी. कोण ते मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे होतंच, मी नेहमी तसंच करतो. पण कोण? डोक्यात नुसता काळोख. मनकर्णा चहा घेऊन आली. तिला म्हटलं, डोकं दुखतंय.

४ नोव्हेंबर

आजही नाही.

५ नोव्हेंबर

खोड माझीच. खुन्याचं नाव मी कुठे टिपून ठेवत नाही. मनकर्णेला, सख्ख्या बायकोलाही सांगत नाही, प्रकाशकाला तर नाहीच. या रोजनिशीतही नाही. कोर्टात कारकुनी केली, तिथंच शिकलो — कागदावर आलं की फुटलं! इतकी पुस्तकं अशीच झाली. लोक कौतुक करतात, किसनरावांच्या पोटातलं ओठावर येत नाही म्हणून. आता कुंपणानेच शेत खाल्लं, तर सांगायचं कोणाला?

कथा फिरवावी म्हटलं तर तेही नाही. अकोल्याचा माझा प्रकाशक शालिकराम, मी लिहीन तसतसं छापून मोकळा होतो. पहिली प्रकरणं छापून झाली, छपाईचे खिळेसुद्धा सुटे होऊन पुन्हा खणांत गेले. आता मागचा एक शब्द बदलता येणार नाही.

८ नोव्हेंबर

अकोल्याला जाऊन छापलेले फर्मे, अजून न बांधलेली पानं, घेऊन आलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना एका टीसीने ओळखलं. “किसनराव ना तुमी? जाहिरातीत वाचलं, वकील, मेहुना, डाक्टर. या खेपेले डाक्टरच खुनी आहे ना? खरं सांगा!” मी नेहमीसारखा मिशीत हसलो.

शालिकरामचंही तेच. “आतातरी सांगा ना राजेहो, कोन आहे थो? जाहिरात लागून गेली. शेवट लवकर पाठवा.” त्यालाही हसूनच दाखवलं. हसण्याशिवाय जवळ होतं काय?

९ नोव्हेंबर

फर्मे वाचले. वाचक वाचतो तसे! मेहुण्याचा जोडा ओला आहे. हे मी मुद्दाम घातलंय, एवढं कळतं. पण कशासाठी? पाऊस नाही, जवळपास नदी नाही. पुन्हा वाचलं. माझाच डाव मला उलगडेना.

मला भीती वाटते. पुस्तकाची नाही. आमचे मोतीरामकाका शेवटी शेवटी अंजनगावात स्वतःच्याच घराचा पत्ता लोकांना विचारत फिरायचे. काकू हाताला धरून घरी आणायची. ते तिला हात जोडून म्हणायचे, “लय उपकार झाले, बाई.”

११ नोव्हेंबर

विहारात वंदना म्हणताना मध्येच अडकलो. दीक्षा घेतल्यापासून रोज म्हणतो! शेजारी जानराव होते, त्यांनी पुढचा शब्द दिला. सगळ्यांना वाटलं, घसा बसला. बरं झालं.

१३ नोव्हेंबर

शेवटी मनकर्णेला सांगितलं. ती वालाच्या शेंगा निवडत होती. वाटलं, घाबरेल. मान वर न करता म्हणाली, “मेहुना. बंगल्यामांगं संत्र्याची बाग आहे. त्या दिवशी बागेले पानी सोडलं होतं, तुमीच तं वाचून दाखवलं. थो म्हनते, समोरच्या दारानं आलो. मंग जोडा कायनं वला झाला? बागेतून आला थो!”

बरोबर! अगदी बरोबर! हेच होतं! मी ओरडलोच. म्हटलं, “मनकर्णे, तुला कसं गं सुचलं?”

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. “मांगच्या दोन पुस्तकायचे खुनीबी मलेच इचारले होते तुमी. असेच घाबरून. इथंच बसून. मंग इसरून गेले.”

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

“कोनाले सांगतलं नाही म्या,” ती म्हणाली. “सांगनारबी नाही. पन आता लिवनं बंद करा. मले लय भेव लागते.” तिचा हात धरून वचन दिलं — हे शेवटचं पुस्तक. मलाही रडू आलं.

१८ नोव्हेंबर

शेवट लिहून अकोल्याला पाठवला. संपलं एकदाचं.

२ डिसेंबर

नवी कादंबरी सुरू! कल्पना नामी आहे — रहस्यकथा लिहिणारा एक जण आपल्याच पुस्तकातला खुनी विसरतो. आजवर कशी सुचली नाही! मनकर्णेला ऐकवली तर तिच्या डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत माझी गोष्ट ऐकून ती पहिल्यांदाच रडली.