आजीच्या नावापाशी

प्रिय पप्पा,

प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. तुमचा खोकला कमी झाला म्हणता, पण आई फोनवर तो विषयच टाळते.

वृद्धाश्रमातलं काम आता अंगवळणी पडलंय. माझ्याकडच्या एक बाई जन्मापासून बहिऱ्या, अक्षरओळखही नाही. येशूची सुवार्ता त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. मी जेवले का, हे मात्र रोज खुणेने विचारायच्या. परवा त्या गेल्या. प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायला गेले आणि अडखळले.

आपल्या घरची प्रार्थना आठवली. गेलेल्या सगळ्यांसाठी तुम्ही नाव घेऊन देवाचे आभार मानायचात आणि आजीपाशी आलात की नुसता घसा खाकरायचात. तुम्ही विश्वासात येण्याआधीच ती गेली. येशूचं नावही तिच्या कानावर पडलं नव्हतं. ती स्वर्गात आहे का, असं मी विचारलं की चष्मा पुसत म्हणायचात, "देव जाणे, पोरी."

चांगल्या कर्मांनी तारण नाही, ते येशूवरच्या विश्वासानेच, हे तुमच्याकडूनच शिकले. पण आजी भुकेल्याला दारातून परत पाठवत नसे, हेही तुम्हीच सांगितलंत. देवाचं मन आजीपेक्षा लहान असेल का, पप्पा?

मी त्या बाईंचं नाव घेतलं. आज तुम्ही आजीचं घ्या, मोठ्याने, आईलाही ऐकू जाईल असं.

तुमची,
धाकटी