सरांची चूक

तीर्थस्वरूप मामंजींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र टाकायचं धाडस होणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते. गावी माकणीत तुमच्यासमोर तोंड न उघडणारी तुमची सून काल इथं, नेदरलँड्सच्या शेती विद्यापीठात भर वर्गात म्हणाली, "यान, तुमचं ज्वारीच्या उताऱ्याचं गणित चुकलंय." साठीच्या प्रोफेसरला नुसतं नावानं! इथं तीच रीत आहे. आपल्याकडं सरांची चूक काढली की वर्गाबाहेर काढतात. याननं मार्कर माझ्या हाती दिला अन् स्वतः बाकावर बसून लिहून घेतलं. मामंजी, लई मजा आली!

नंतर त्यानं विचारलं, "पीएचडीला चार वर्षं राहता?"

"घरी विचारून सांगते."

"शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं कुणाला विचारायचं?"

मी होकार देऊन आले. आता तुमची परवानगी मागते.

तुमची थोरली सून,
महेश्वरी