आडव्या दांड्याची सायकल

गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६, टेमघर

आज पुन्हा शेअर रिक्षा भरेपर्यंत ताटकळले. वळ गावातल्या गोडाऊनवर कामाला पोचायला उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला. बस झालं आता. ड्युटी सुटल्यावर थेट धामणकर नाक्यावरचं सायकलचं दुकान गाठलं. बास्केटवाली लेडीज सायकल आमच्या खड्ड्यांत टिकणार नाही. मला जाड टायरची, गिअरवाली हवी. बायकांसाठीची गिअरवाली माझ्या ऐपतीबाहेरची. परवडते ती एकच, पण तिला मधे आडवा दांडा.

"मॅडम, ये जेंट्स है," दुकानदार म्हणाला.

"गड्ढे क्या लेडीज-जेंट्स देखते हैं?" मी विचारलं.

घरी आईला सांगितलं, तर म्हणते, "दांड्यावरून टांग टाकशील? लोकं काय म्हनतील?" आणि तोंड फिरवून बसली. मी असं काय मागतेय? एक दांडाच ना?

जेवणं झाल्यावर ओट्यावर दोन स्टुलं मांडली, वर कपडे वाळवायची काठी ठेवली आणि टांग टाकायचा सराव सुरू केला. आई दारातून बघत होती. मग आली आणि काठीच्या दोन्ही टोकांखाली एकेक रिकामा डबा सरकवला.

"तुज्या बापाच्या सायकलीचा दांडा एवढा वर व्हता," म्हणाली. "आता टाक."